हेखालाची दिशा

नबुखद्नेस्सर राजाच्या चाळिसाव्या वर्षी, आब महिन्याच्या सातव्या दिवशी, सूर्योदयानंतर दोन घटकांनी, बंदी करून बाबेलात आणलेल्या शेलेम्याच्या तोंडून एक शब्द निघाला. पक्षाघाताच्या झटक्याने अंग लुळे पडल्यापासून तेवढा एकच त्याला साधत होता.

“हेखाल.”

यरुशलेमेत या शब्दाचा अर्थ होता परमेश्वराचे मंदिर. तरुणपणी शेलेम्याने त्याची दारे तासली होती. ते जळून एकवीस वर्षे झाली. तरी मरताना तोंड तिकडे, पश्चिमेला असावे, एवढीच त्याची इच्छा उरली होती. बाज उत्तरेच्या भिंतीकडे तोंड करून होती.

“उजाडल्यापासून हेच चाललंय. काय हवंय तेच कळत नाही,” सून हमूटल म्हणाली. ती बाबेलातच जन्मली होती; तिला इथलीच बोली येत होती. नवरा पदाया दूर कालव्याच्या कामावर होता.

शेजारचा बाबेली माळी ताबिया दारात टेकला. “अगं, आमचं एकल्लू म्हणताहेत. वाडा. इथं आल्यापासून राजवाड्याची लाकडं तासली, तिथलं जव खाल्लं. जाताना मुजरा नको?”

“मामंजी, वाडा बघायचाय?”

“हेखाल,” शेलेम्या म्हणाला. नकार देणारा शब्द त्याच्याजवळ नव्हता.

ताबियाने आपल्या दोन मुलांना हाक मारली. चौघांनी बाज पूर्वेच्या दाराकडे फिरवली. नदीपलीकडे राजवाड्यामागून सूर्य वर आला होता. शेलेम्याची पाठ आता पश्चिमेला होती.

“हेखाल.” या वेळी आवाज मोठा होता.

“लांब पडतंय त्यांना,” ताबिया म्हणाला. त्यांनी बाज उंबऱ्यापर्यंत सरकवली.

म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. हमूटलने ते पदराने टिपले.

“निवले बघ,” ताबिया म्हणाला. “एवढ्यासाठी अडले होते.”

त्यानंतर शेलेम्या तो शब्द बोलला नाही. तिसऱ्या रात्री तो गेला.

चौथ्या दिवशी सकाळी पदाया पोहोचला. प्रेत अजून उंबऱ्याशीच होते.

“काही मागितलं का त्यांनी?”

“हेखाल,” हमूटल म्हणाली. “आम्ही लगेच वळवलं. शेवटपर्यंत वाडा डोळ्यांसमोर होता त्यांच्या.”

पदायाने नदीपलीकडे पाहिले. मग वळून, बाजेच्या उशामागची पश्चिमेची भिंत पाहिली.

“चांगलं केलंस,” तो म्हणाला.

बाज उचलायलाही चौघेच लागले.