वेळेवरचं हसू

“बाय, तुझ्या पोराचे कान दाखव कोणाला तरी,” मासेवाली हिराबाई म्हणाली होती, बोंबलांचा वाटा पातेल्यात ओतता ओतता. “मी दारात एवढी ओरडते, आत एक मान वळत नाय.”

श्रुतिकाने ते हसण्यावारी नेलं. टीव्ही चालू असला की कोण वळतंय? या गोष्टीला चार महिने झाले. आता उद्या, सोमवारी, वलसाडला तुषारच्या कानांची तपासणी होती, आणि ते वाक्य काही डोक्यातून जात नव्हतं.

कारण तुषार खरंच वळत नव्हता. अडीच वर्षांचा झाला तरी बोलणं दहा-बारा शब्दांचं. हाक मारली तर पाठ तशीच. काही हवं असलं की जवळ यायचा, गुडघ्यावर दोनदा थापटायचा, तोंडाकडे बघत राहायचा आणि मग बोट दाखवायचा. मागच्या आठवड्यात ओट्यावरून पडला. कोपर सोललं, पण रडला नाही. रक्त घेऊन चालत आला आणि थापटलं. श्रुतिकाने मोबाइलवर जे जे वाचलं होतं, ते सगळं जुळत होतं.

एकच गोष्ट जुळत नव्हती. सिनेमा बघताना तो अगदी वेळेवर हसायचा.

सिनेमे आबांचे. म्हणजे तिच्या सासऱ्यांचे. उमेदीच्या काळात प्रल्हाद आबा प्रोजेक्टर आणि जनरेटर जीपमध्ये टाकून झरी, उधवा, तलासरीकडच्या पाड्यांवर पडदा लावत फिरायचे. मोठ्या सिनेमांची रिळं परवडायची नाहीत. मग दोन खोल्या, एक बाग आणि चार नटांत उरकलेले विनोदी सिनेमे, तसलेच रहस्यपट, नाहीतर एखाद्या समाजसुधारकाचं चरित्र, ज्यात दर प्रसंगाला दाढी थोडी सरकलेली. तेच सगळे आता पेनड्राइव्हवर होते. श्रुतिका तलासरीच्या शाळेत शिकवायला आणि तिचा नवरा देवेश डहाणू स्टेशनात ड्युटीला गेले की आजोबा-नातू दिवसभर ते बघायचे. नवीन काही लावलं की आबा उठून जायचे. म्हणायचे, “आताच्या सिनेमात खुनी कोण ते शेवटपर्यंत कळत नाही, आणि कळलं तरी काही वाटत नाही.”

“हसतो म्हणजे त्याला ऐकू येतं,” देवेश म्हणाला.

“आणि आबांकडे बघून हसत असेल तर?”

“तू आबांचे रहस्यपट जरा कमी बघ.”

रविवारी दुपारी जेवणं झाली. आजोबा-नातू चटईवर बसले. श्रुतिका रिमोट पदराआड धरून स्वयंपाकघराच्या दारात, दोघांच्या पाठीमागे उभी राहिली. पडद्यावर गुप्तहेर माळ्याच्या वेषात चहा पीत होता आणि त्याची चिकटवलेली मिशी सुटायला आली होती. इथे तुषार दरवेळी हसायचा. तिने आवाज बंद केला.

खोलीत नुसता पंख्याचा आवाज उरला.

तुषारची मान लगेच वळली. त्याने टीव्हीकडे बघितलं, मग मागे आईकडे.

“आवाज,” तो म्हणाला. तक्रारीच्या सुरात.

श्रुतिकाने चौकटीला धरलं. ऐकू येतं. पोराला ऐकू येतं. मग इतके दिवस हाकेला वळत का नव्हता?

तेवढ्यात आबा खदखदून हसले. मिशी कपात पडली होती. मुक्या पडद्यावर घरमालकीण ओठ हलवत होती आणि आबा तिच्याबरोबर म्हणत होते, “मिशी काढून घ्या, माळीबुवा, साखर वेगळी देते.” एक अक्षर मागेपुढे नाही.

“आबा,” श्रुतिका म्हणाली.

मग मोठ्याने. मग ओरडून.

पाठ तशीच होती. तुषार उठला. त्याने आबांच्या गुडघ्यावर दोनदा थापटलं, ते आपल्या तोंडाकडे बघेपर्यंत थांबला आणि मग आईकडे बोट दाखवलं.

आबा वळले. तिच्या हातातला रिमोट त्यांना दिसला. हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, पण त्यात ते नव्हते.

ती समोर जाऊन बसली. “कधीपासून?”

आबांनी तिच्या ओठांकडे बघितलं. ते नेहमी असंच, अगदी तोंडाकडे बघून बोलायचे. तिला ते अगत्य वाटायचं.

“दोनेक वर्षं कमी होत होतं. दिवाळीपासून काहीच नाही.”

“सांगायचं नाही का आम्हाला?”

“बहिऱ्याच्या हातात पोर कोण देतं, बाळा?” आबा म्हणाले. “आवाज वाढवला असता, तर तुम्हाला कळलं असतं. हे सगळे मला पाठ आहेत.”

तिला खूप रागवायचं होतं. ज्याला रडणं ऐकू येत नाही, अशा माणसाजवळ ती रोज पोर टाकून जात होती. आणि पोराने रडणंच सोडून दिलं होतं. हाकेला कोणी वळत नसतं, हाक मारून उपयोग नाही, जवळ जाऊन थापटावं लागतं, एवढं तो अडीच वर्षांचा जीव शिकला होता, आणि घरातल्या दोन शिकलेल्या माणसांना ते दिसलं नव्हतं. तिला सुटल्यासारखंही वाटत होतं, आणि त्याची लाज वाटत होती. यातलं कुठलं खरं, ते तिला अजूनही नीट सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी ती आबांनाच घेऊन वलसाडला गेली.

भेटेल त्याला ती आता एवढंच सांगते, तुम्हालाही सांगते आहे. तुमच्या घरात कोणी तेच ते जुने सिनेमे पुन्हा पुन्हा बघत असेल, नवीन काही नको म्हणत असेल, तर आज त्यांच्या मागे जाऊन उभे राहा. मध्येच आवाज बंद करा, आणि हसू थांबतं का बघा.