रोजचे पाचशे

जळगावच्या मोरेश्वर पुस्तकवाल्याच्या पत्राला आपण उत्तरच दिलं नाही, हे मुरलीधररावांना आठवलं ते नेमकं सुधाबाईंनी पुन्हा दहा हजार लावले तेव्हा.

चक्र फिरलं. गोळी टणटणत एका खणात बसली. टेबलामागच्या माणसानं सुधाबाईंच्या चिप्सची चळत दांड्यानं ओढून घेतली.

"गेले," त्या म्हणाल्या आणि हसल्या. "उद्या काढते."

मुरलीधररावांनी मनातल्या बेरजेत आणखी दहा हजार मिळवले.

मालवीय नगरच्या फ्लॅटमधल्या फरश्या बदलायच्या होत्या. म्हणून परीक्षितनं, त्यांच्या मुलानं, दोघांना महिनाभरासाठी सीतापुऱ्याच्या पुढच्या या रिसॉर्टवर आणून ठेवलं होतं. पहिल्या संध्याकाळी मॅनेजरनं सगळ्या पाहुण्यांना हॉलमध्ये बसवून माहिती दिली. मुरलीधरराव मागच्या खुर्चीत पुस्तक उघडून बसले होते. मान वर केली तेव्हा मंडळी कॅसिनोकडे निघाली होती आणि सुधाबाई सगळ्यांच्या पुढे होत्या.

चिप्स घ्यायच्या, खोलीचा नंबर सांगायचा, सही करायची. पैसे कुणी मागत नव्हतं, आणि त्याचीच त्यांना धास्ती होती. आज न मागणारा शेवटी एकदम मागतो. राजस्थानात जुगाराला बंदी असल्याचंही कुठंतरी वाचलेलं आठवत होतं. फाटकाशी जीप थांबली की पोलीस तर नाहीत ना, हे ते खिडकीतून बघून येत. रोज सगळ्यात जास्त जिंकणाऱ्याला सांगानेरी चादर मिळे. आमिष, दुसरं काय.

पण उठवून तरी कसं आणायचं? धाकटी बहीण गेल्यापासून सुधाबाई भिंतीकडे बघत बसायच्या. इथं त्या हसत होत्या, केसांत गजरा माळत होत्या.

एकदा जेवताना त्यांनी धीर केला. "अगं, एक ठरवू या का?"

"काय?"

"रोजचे पाचशे. ते संपले की उठायचं. जिंकलेले बाजूला ठेवायचे, त्यांना हात लावायचा नाही. मुरलेले खेळाडूसुद्धा असंच करतात म्हणे."

"पाचशेची चिपच नाही हो त्यांच्याकडे. हजारापासून सुरू."

"मग हजार."

"हजारात काय होतंय? या वर्माबाई एका डावात लाख लावतात." सुधाबाई शेजारच्या खुर्चीकडे वळल्या. "सुनिए जी, ये मेरा बजेट बना रहे हैं."

"भाईसाहब को मुनीम रख लो," वर्माबाई म्हणाल्या, आणि दोघी पदर तोंडाला लावून हसत सुटल्या.

मुरलीधरराव वरणात चमचा फिरवत राहिले. दुसऱ्या दिवशी ते मॅनेजरच्या टेबलाशी दोनदा जाऊन परत आले. तिसऱ्यांदा त्यानंच विचारलं, "कुछ चाहिए, बाबूजी?"

"वो... श्रीमतीजी का कितना हुआ?"

"अरे, आप चिंता मत कीजिए. खेलने दीजिए उनको."

रेल्वेच्या पार्सल ऑफिसात तीस वर्षं काढलेली. 'चिंता मत कीजिए' म्हणणारे ठेकेदार त्यांनी पुष्कळ पाहिले होते.

हळूहळू आकडा दोन लाखांच्या घरात गेला. बिल परीक्षितच्या हातात पडणार. फरश्यांसाठी कर्ज काढलेला पोरगा. तो आईला एका शब्दानं बोलणार नाही, पण सुधाबाईंना त्याचा चेहरा वाचता येईल, आणि त्या पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसतील.

मोरेश्वरनं दोन लाखच लिहिले होते. भुसावळच्या भाड्याच्या खोलीतली सगळी पुस्तकं, एकरकमी, कधीही. 'तुम्ही नुसती किल्ली पाठवा. टेम्पो माझा.' दर बदलीला एकेक पेटी वाढत गेली होती. पेन्शनीतून त्या खोलीचं भाडं जाई. नाही म्हणायचा त्यांना संकोच वाटला होता, आणि हो लिहायला हात धजला नव्हता. मात्र एकदा दिलेला शब्द फिरवणं त्यांना जन्मात जमलेलं नव्हतं.

त्या रात्री त्यांनी चार ओळी लिहिल्या आणि किल्ली कागदात गुंडाळली.

महिना संपल्यावर परीक्षित न्यायला आला. काउंटरवर बिल बघताना त्याच्या भुवया वर गेल्या.

"किती झालं रे?" मुरलीधररावांनी विचारलं.

"बाबा, तुम्ही नका ना बघू," म्हणत त्यानं कागद घडी करून खिशात टाकला.

बस्स. वाटेत त्यांनी पोस्टापाशी गाडी थांबवायला लावली. पाय मोकळे करायला सुधाबाईही उतरल्या आणि रांगेत त्यांच्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"कुणाला एवढं?"

"मोरेश्वरला."

"अजून त्याला नकार कळवला नव्हतात? बरं केलंत. पुस्तकं गेली तर तुमच्यात उरेल काय?"

पाकीट काचेखालून आत सरकलं. पोस्टातल्या माणसानं ते वजनावर ठेवलं. मुरलीधररावांना महिनाभरात पहिल्यांदा पुरा श्वास घेता आला.

"सुधा, परीक्षितला सांग, कॅसिनोचं बिल मी भरणार आहे. सोय केली आहे."

"कसलं बिल? तो बिचारा तुमच्या रोजच्या पाच-पाच चहांचं बघून हसत होता." सुधाबाईंनी पर्समधून दहा हजारांची लाल चिप काढून त्यांच्या हातावर ठेवली. "ही आपल्या नातवाला, वेदांतला, व्यापार खेळायला. मॅनेजर म्हणाला, मूठभर न्या, पोतंभर पडल्यात. अहो, असं काय बघताय? खोटे पैसे आहेत, खेळायचे, पहिल्याच दिवशी सांगितलं की त्यानं सगळ्यांना."

मुरलीधररावांनी काचेकडे वळून तोंड उघडलं. आतल्या माणसानं पाकिटावर शिक्का मारला, ते मागच्या पोत्यात टाकलं आणि पोत्याचं तोंड आवळलं.

"हो गया, बाबूजी," तो म्हणाला. "अगला."