कपाटामागची भिंत

"एका दमात सगळी खोली उरकायला जाऊ नका. आधी कपाटामागच्या भिंतीवर हात बसवा, मग बाकीचं दमादमानं," बायकोनं बजावलं होतं. रविवारी मुलीचे होणारे सासरे पहिल्यांदाच घरी येणार होते, आणि मास्तरांनी रंगाऱ्याला परस्पर नको सांगून ब्रश स्वतःच हातात घेतला होता.

शनिवारी सकाळी मास्तरांनी ते भिंतभर कपाट एकट्यानं ओढलं आणि मागची भिंत अशी रंगवली, की बघत राहावं. घासली, भेगा बुजवल्या, दोन हात दिले, मन भरेना म्हणून तिसराही दिला. संध्याकाळी ब्रश ठेवायला म्हणून वाकले, ते वाकलेलेच राहिले. दुसऱ्या दिवशी मायलेकींनी कपाट जागेवर ढकललं. उरलेल्या तीन भिंती होत्या तशाच राहिल्या.

पाहुणे आले. कंबरेला पट्टा बांधून बसलेल्या मास्तरांनी त्यांची नजर एकेका पोपड्यावरून फिरताना पाहिली, आणि त्यांना अगदी राहवेना.

"व्याहीबुवा, चहा येईपर्यंत जरा कपाटाला हात लावता का?"