दिवीनाची सही

"आधी सेक्रेटरीची सही लागते," म्हातारा पहारेकरी मानोंग तासियो म्हणाला. "मग कॅप्टनची. तो क्रम आहे."

"सेक्रेटरी कुठे आहे?"

"ते कॅप्टन सांगतील."

"आणि कॅप्टन?"

"मयताला गेलेत. जेवूनच येतील."

आर्लीन बारंगाय कार्यालयाच्या, म्हणजे गावपंचायतीच्या, बाकावर बसली. कॅप्टन म्हणजे इथले सरपंच. या एका दाखल्यासाठी ही तिसरी खेप होती. पहिल्या खेपेला वीज नव्हती. दुसऱ्या खेपेला शिक्क्याच्या कपाटाची चावी कॅप्टनच्या बायकोकडे होती आणि बायको माहेरी. तेव्हा सेक्रेटरी दिवीना निदान म्हणाली तरी होती, "करते मी काहीतरी, मॅम." आज तीही दिसत नव्हती. आज शुक्रवार होता. संध्याकाळी मनिलाची बोट होती आणि सोमवारी अमेरिकन वकिलातीत व्हिसाची मुलाखत. ती हुकली तर पुढची तारीख पाच महिन्यांनी.

दाखल्यात एकच वाक्य हवं होतं. ही बाई गेली दोन वर्षं इथे राहिली.

ती राहिली होती. साऱ्या गावाला ते ठाऊक होतं. त्याआधी तीन वर्षं ती न्यू मेक्सिकोत विज्ञान शिकवत होती, शिक्षकांच्या अदलाबदलीच्या योजनेतून. तिसऱ्या वर्षी तिने रसेलशी लग्न केलं. तो शाळेच्या बस दुरुस्त करायचा. पण तिच्या व्हिसावर एक ओळ होती. मायदेशी परत जा, शिकलेलं ज्ञान तिथे दोन वर्षं वापर, मग ये. लग्नाने ती ओळ पुसली गेली नाही. त्या अटीतून सूट मिळावी म्हणून अर्ज केला, तो नाकारला गेला. विमानतळावर रसेल म्हणाला, "दोन वर्षं म्हणजे काय, दोन हिवाळे." आपल्याकडे हिवाळा नसतो, हे त्याला सांगायचं राहून गेलं.

ज्ञान वापरायला ती गावच्या हायस्कुलात गेली होती. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "तू जाणारच आहेस. तुला जागा देऊन काय करू?"

तिकडे काय शिकलीस, हे त्यानंतर कुणी विचारलं नाही. तिकडे कशी गेलीस, हे सगळे विचारत. आधी मावसभाऊ फॉर्म घेऊन आला, मग त्याची मेव्हणी, मग मेव्हणीच्या शेजारणी. आईच्या ओसरीवर आर्लीन वैतागून वर्गासारखीच ओरडायची. नाव पासपोर्टवर आहे तसंच. शाई काळी. एकही रकाना रिकामा नको. तीन प्रती. आणि शेवटच्या दिवसाची वाट बघायची नाही.

"मॅम, बसलाच आहात तर एवढं बघता?" बाकावर शेजारी बसलेल्या लिएझेलने कागद पुढे केला. ती आरोग्य केंद्रातली एकुलती एक नर्स. फॉर्म जर्मनीचा होता.

"हा रकाना रिकामा का?"

"काय लिहायचं ते कळलं नाही."

"मग 'लागू नाही' लिही. रिकामं दिसलं की त्यांना वाटतं, काहीतरी लपवतेय."

लिएझेलने लिहिलं. "तुमचा गोरा थांबलाय ना अजून? की बघितली दुसरी?"

"थांबलाय. जुन्या बसबरोबर दिवस काढतो तो. दम आहे त्याच्यात."

कॅप्टन आले. हातात केळीच्या पानात बांधलेला भात होता. आर्लीनला पाहून त्यांनी कपाळ पुसलं.

"दिवीना नाही."

"ते दिसतंय, कॅप. येणार कधी?"

"येणार नाही. सोमवारी फोन आला, मंगळवारी विमान. क्रोएशियात गेली, झाग्रेबला, हॉटेलात कामाला." त्यांनी भात टेबलावर ठेवला. "तिचा फॉर्म तुम्हीच भरलात ना, मॅम?"

तिनेच भरला होता. मार्चमध्ये. तीन प्रती.

"मग नवी सेक्रेटरी नेमा."

"कुणाला नेमू? चार ओळी धड लिहिणारं माणूस ठेवलंत का तुम्ही इथे?" कॅप्टन थट्टा करत नव्हते. "मी सही करीन हो. पण तिच्या सहीशिवाय माझी चालत नाही. नियम मी केलेला नाही."

"मीही केलेला नाही," आर्लीन म्हणाली. तिचा आवाज चढला होता. सातशे एकेचाळीस दिवस तिने कॅलेंडरवर एकेक करून खोडले होते. आता आणखी पाच महिने. रसेलला फोनवर काय सांगायचं, ते तिला सुचेना.

"कॅप," दारातून मानोंग तासियो म्हणाला, "ते खणातलं पाकीट? मॅमचं नाव होतं त्याच्यावर."

"ते निरोपाचं पत्र असेल," कॅप्टन म्हणाले, पण त्यांनी खण उघडला.

पाकिटात दाखला होता. तारीख सोमवारची. काळी शाई. दिवीनाची सही, वर उठावाचा शिक्का. तीन प्रती. फक्त कॅप्टनच्या सहीची जागा मोकळी होती, तीही पेन्सिलच्या फुलीने दाखवलेली. तळाशी शेऱ्याचा रकाना होता. तो कधीच कुणी भरत नसे. दिवीनाने भरला होता.

'मॅमनी परदेशात शिकलेलं ज्ञान दोन वर्षं गावाला दिलं. ज्यांना उपयोग झाला त्यांची नावं, सध्याच्या पत्त्यांसह, सोबत जोडली आहेत.'

कॅप्टननी तिन्ही प्रतींवर सही केली. मग मागचं पान उलटलं आणि बोट ठेवून वाचत गेले. दोहा. टोरांटो. रियाध. ओसाका. बावीस नावं होती, शेवटचं दिवीनाचं. गावाचा पत्ता एकाही नावापुढे नव्हता.