दुखलं तर हात वर करा

दाताच्या डॉक्टरांनी पन्नाशीत डीजेगिरी शिकायला घेतली आणि बायकोने पहिल्याच आठवड्यात ते गाणी मिसळायचं यंत्र घराबाहेर काढलं. मग त्यांनी ते दवाखान्यात, रुग्णाच्या खुर्चीशेजारीच मांडलं. आ वासून बसलेल्या माणसाला तक्रार करता येत नाही, हा त्यातला मोठा फायदा. हातात मोजे, म्हणून बटणं ते कोपराने सरकवत. संथ आर अँड बी गाणं हळूच ओसरावं आणि त्याच्याच ठेक्यावर हिपहॉप सुरू व्हावं, एवढंच त्यांना जमवायचं होतं. महिना झाला, जमत नव्हतं.

त्या सकाळी खुर्चीत एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. "दुखलं तर हात वर करा, बाई," असं सांगून डॉक्टरांनी दाढ कोरायला घेतली आणि कोपराने दुसरं गाणं आत घेतलं. लगेच बाईंचा हात वर. डॉक्टरांनी घाबरून इंजेक्शन दिलं आणि पहिलं गाणं परत सुरुवातीपासून लावलं. दुसरं आत आलं आणि पुन्हा हात वर. आणखी एक इंजेक्शन. तिसऱ्यांदा हात वर गेला तेव्हा मात्र डॉक्टरांना घाम फुटला. इतक्या वर्षांच्या नावाचं आज मातेरं होणार! त्यांनी बाईंच्या तोंडातला कापूस काढला.

"बाई, अजूनही एवढं दुखतंय?"

"दाढ कधीचीच बधिर झालीय हो," बाई जड जिभेने एकेक शब्द ओढत म्हणाल्या. "दुसरं गाणं दर खेपेला एक ठोका आधी घुसतंय. ते आधी सुधारा, दाढेचं मग बघू."