कोंबड्याची भेट

शर्टाला इस्त्री करून विश्राम कोंबड्याला भेटायला निघाला.

खुराड्यात दोन कोंबडे झाले आणि रोज रक्त निघू लागलं, तेव्हा त्याने त्यातला तांबडा कोंबडा वहाळापलीकडे एकट्या राहणाऱ्या शेवंतीला देऊन टाकला होता. अटी दोनच: कापायचा नाही, आणि दर रविवारी विश्राम त्याला बघायला येणार. तेव्हापासून त्याचे बाकीचे वार उगाचच उजाडायचे. तिच्या अंगणात बसून तो कोंबड्याबद्दल बोले. खरं बोलायचं ते चहाच्या घोटाबरोबर खाली जाई.

आज वहाळ ओलांडताना साकवावर तिचा शेजारी भेटला. "परत फिरा. तुमचा कोंबडा परवा मुंगसाने नेला."

कोंबड्याबरोबर निमित्तही गेलं. विश्राम बराच वेळ साकवावर उभा राहिला. मग इस्त्री फुकट जाईल म्हणून पुढे गेला.

शेवंती डाल्याशी वाट बघत होती. "हा घ्या तुमचा कोंबडा," ती जमिनीकडे बघत म्हणाली आणि तिने डालं उचललं. आत तांबडी कोंबडी अंड्यावर बसली होती.

विश्रामने कोंबडी नीट निरखली. "तब्येत सुधारली," तो म्हणाला. "रागही कमी झालाय."

"पण रविवार चुकवू नका," शेवंती म्हणाली. "त्याला तुमची सवय झालीय."