बहिणीचं दुखणं आणि कोर्टाची तारीख

हिंदुराव पाटलांच्या घरातल्या बाईनं सात पिढ्यांत कामासाठी उंबरा ओलांडला नव्हता, आणि गावाच्या इतिहासातला हा सर्वांत उजळ भाग होता. मथुराबाईंनीही तो ओलांडला नाही. उंबरा चौकटीसकट मागच्याच महिन्यात टेंभुर्णीच्या लाकूडवाल्यानं नेला होता. त्र्याहत्तरच्या दुष्काळी उन्हाळ्यात घरातलं विकण्याजोगं होतं ते सगळं गेलं. इज्जत तेवढी राहिली, कारण तिला गिऱ्हाईक नव्हतं.

"आपल्या घरची बाई खडी फोडाया जायाची न्हाय," रिकाम्या कणगीला टेकून हिंदुरावांनी सांगितलं. "तितं कोण कुणाच्या मांडीला मांडी लावून बसतंय, काय सुमार हाय का? तू तितं दिसलीस तर मी हिरीत उडी टाकीन."

विहिरीत पाणी नव्हतं. पण त्यानं मथुराबाईंचं समाधान होईना. कोरड्या विहिरीत माणूस जास्तच मरतो.

चार दिवसांनी त्यांची बहीण आजारी पडली. शेजारच्याच गावात दिलेली. तिचं करायला रोज पहाटे जायचं, दिवेलागणीला यायचं. बहीण बिचारी ठणठणीत होती. मथुराबाई पदर हनुवटीपर्यंत ओढून नव्या रस्त्याच्या कामावर खडी फोडत होत्या. टोळीतल्या बायकांनी त्यांना पहिल्याच दिवशी ओळखलं, आणि त्याच दिवसापासून 'पाव्हणी' म्हणायला सुरुवात केली. पाव्हणीला नाव लागत नाही, घराणंही लागत नाही.

"पाव्हणे, हातोडा लाटण्यागत धरू नगंस," सोजरबाई म्हणायची. "खडी हाय ती, पोळी न्हाय."

"पोळी हुती तवाची सवय हाय की," पाव्हणी पदराआडून म्हणायची.

मागच्या साली हीच सोजरबाई पाटलांच्या अंगणाबाहेर उभी राहून ताक मागायची आणि मथुराबाई ते वरून ओतायच्या. आता सोजरबाईनं घरून आणलेल्या डेऱ्यातलं पाणी दोघी प्यायच्या. त्या माळावर दुसरा डेरा नव्हता.

दुपारी कामावर सगळ्यांना सुकडी मिळायची. भाजलेल्या पिठाची, गुळाची, तपकिरी ढेकळं. मथुराबाई अर्धी खाऊन अर्धी पदराला बांधून आणायच्या. बहिणीनं दिली म्हणायच्या.

"आजारी माणसाच्या घरी गोडधोड बरंच हुतंय," असं म्हणून हिंदुराव ती खायचे. पुढं पुढं ते बहिणीची प्रकृती फार काळजीनं विचारू लागले. तिला इतक्यात बरं वाटू नये, हे आवाजावरून कळायचं.

मग हिंदुरावांची माढ्याच्या कोर्टात जमिनीची तारीख निघाली. दुसऱ्या दिवशीही निघाली. तिसऱ्याही.

"रोज कशी वो तारीख?"

"कोर्ट हाय त्ये. आपल्या सोयीनं चालतंय व्हय?" हिंदुरावांनी खिशातून पुडी काढून पुढं सारली. "वकिलानं दिली. खा."

पुडीत सुकडी होती. मथुराबाईंनी पदराची गाठ सोडली आणि आपली शेजारी ठेवली. दोन्ही ढेकळं सख्ख्या भावंडांसारखी दिसत होती. नवराबायकोनं त्यांच्याकडं बराच वेळ पाहिलं. मग एकमेकांची खाल्ली.

"वकील चांगला माणूस दिसतोय," एवढंच मथुराबाई म्हणाल्या.

पण त्यांची झोप उडाली. रस्ता दोन टोकांनी चालला होता. गावाकडून त्यांची टोळी, माढ्याकडून परक्या गावची. रोज माढ्याला जाणारे मालक त्या परक्यांत होते. टोकं रोज जवळ येत होती, आणि ती जुळतील त्या दिवशी सारं गाव बघायला तिथं हजर असणार होतं. मथुराबाई हळू फोडू लागल्या. पलीकडली टोळीही हल्ली मंदावल्याची तक्रार मुकादम शिवप्पा करत होता.

तरी तो दिवस आलाच, गावही बघायला आलं. दोन्ही टोळ्यांनी माना वर केल्या. रस्ते समोरासमोर यायचे ते शेजारून निघून गेले होते. मधे एक अख्खं पडीक वावर. आखणीच्या साहेबानं नेम धरायला एका टोळीला कडुलिंबाचं झाड दाखवलं होतं, दुसरीलाही कडुलिंबच. झाडं दोन होती.

"आयला, चुकलं की!" शिवप्पा म्हणाला, आणि दोन्हीकडची माणसं पोट धरून हसली.

पलीकडचा एकच माणूस हसला नाही. तोंडाला रुमाल गुंडाळून तो पाठमोरा उभा होता. पाठ मथुराबाईंच्या ओळखीची होती. मधे एवढं वावर होतं. बहीण जन्मभर आजारी राहिली असती आणि कोर्ट जन्मभर चाललं असतं. त्यांनी क्षणभर तो हिशेब केला. मग पदर मागं टाकला आणि डेऱ्यातून तांब्या भरून घेतला.

"पाव्हणे, कुटं निघालीस?" सोजरबाईनं विचारलं.

"मालकास्नी पाणी द्यायला."

हसणं थांबलं. वावर तुडवत मथुराबाई पलीकडं गेल्या. हिंदुरावांनी वळून आधी गावाकडं बघितलं, मग तांब्याकडं.

"डेरा सोजरबाईचा हाय," मथुराबाईंनी आधीच सांगितलं.

तोंड बांधून पाणी पिता येत नाही. हिंदुरावांनी रुमाल सोडला आणि तांब्या रिकामा केला.

"गार हाय," ते म्हणाले. जरा थांबून त्यांनी विचारलं, "बहीण कशी हाय?"

"बरी झाली आज. तुमची तारीख?"

"निकाल लागला."

दुसऱ्या दिवसापासून मथुराबाई रोज दुपारी सुकडी घेऊन ते वावर ओलांडू लागल्या. पुढं पाऊस पडला, काम थांबलं, साहेबाची बदली झाली. रस्त्याची दोन टोकं अजून तशीच आहेत. बैलगाड्या मथुराबाईंनी मधे पाडलेल्या वाटेनं जातात.